गौण म्हणे!

आमच्या रानाच्या वरच्या अंगाला टेकडी आहे. आहे म्हणजे, अर्धी आहे. बाकीची अर्धी गेल्या तीन उन्हाळ्यांत डंपरमध्ये बसून रस्त्याच्या कामाला गेली. सरकारी कागदावर तिचं नाव ‘गौण खनिज’ आणि माप ब्रासात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. काही खेपा रात्रीच्या, त्यांची मोजदादही नाही.

माझं पहिलं भांडण या ‘गौण’शी आहे.

आमची विहीर वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात खोदायला घेतली. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि पदरात सुकडी बांधून आणायची. घणालाही दाद न देणारा तिचा तो काळा दगड आणि विहिरीत टिकावाच्या एका घावात ढासळणारा मुरूम, हे दोन्ही एकच, हे मला फार उशिरा कळलं. विहिरीच्या काठावर ते आजही वाचता येतं. वर हात-दीड हात काळी. मग चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली पिवळसर मुरूम आणि त्यात अडकलेले गोल धोंडे. कांद्यासारखे सोलायचे ते. नखानं पापुद्रे काढत गेलं की आत मुठीएवढा काळा गाभा उरतो, अजून न कुजलेला. तळाला तोच अखंड कातळ.

हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांपाशी साचलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन फटींत शिरतं, जरासं आंबट होतं आणि दगडातलं फेल्स्पार, पायरॉक्सिन पोखरत राहतं. सुटलेले घटक पुन्हा जुळून चिकणमाती होते. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आटली की पाऊल अडकेल अशा भेगा पडतात. कॅल्शियम खाली जाऊन चुनखडी होतं. तिच्यावर लिंबू पिळा, फसफसते. मॅग्नेटाइट तेवढं हट्टी. पावसाळा सरला की नातू दोरीला चुंबक बांधून ओढ्याच्या रेतीतून ओढतो आणि चुंबकाला काळी दाढी फुटते.

घाटाखाली याच कातळाचं वेगळंच होतं. कोकणातला पाऊस चुना, सिलिका सगळं धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहतं, तो जांभा. रत्नागिरीच्या व्याह्यांना मी म्हणतो, तुमचा हापूस आणि आमची ज्वारी चुलत भावंडं. ते हसतात. पेटी मात्र वेळेवर पाठवतात.

तर मुरूम म्हणजे अर्ध्या वाटेवर आलेली माती. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि पोकलेन सकाळच्या चहाआधी चार खेपा भरतं. शिवाय हाच मुरूम पाणी धरून ठेवतो आणि सावकाश विहिरीला देतो. तो खरवडल्यावर उघड्या कातळावरून पाणी थेट खाली येतं. आमची विहीर पूर्वी होळीपर्यंत चालायची, आता संक्रांतीलाच तळ दाखवते.

रस्ता नको असं मी म्हणत नाही, माझी भाजी त्याच रस्त्यानं जाते. पण बुलढाण्यात महामार्गासाठी तळी, नाले खोल करून माती-मुरूम काढला; रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाणी. त्यासाठी टेंडर निघण्याआधी गावात फिरावं लागतं, एवढंच. आणि उतारावरच्या मुरमाला परवानगी द्यायचीच असेल, तर खालच्या शेतकऱ्याला आधी विचारा. मला कुणी विचारलं नाही.

गेल्या आषाढात वरचं पाणी आलं आणि बांध फोडून गेलं. काळी ओढ्यात गेली. बांध पुन्हा घालायला मुरूम लागला, तो विकत आणला. दोन ब्रास.