जमिनीतील उपलब्ध जस्त व मका पीक यांसंबंधी निवेदन

मा. विभागीय कृषी सहसंचालक, कोल्हापूर विभाग, यांचे सेवेशी

अर्जदार : सातारा व सांगली जिल्ह्यांतील मका उत्पादक खातेदार

महोदय,

कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीपासून माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांतील चुनखडीच्या माळापर्यंत दाण्यासाठी, वैरणीसाठी व मुरघासासाठी मका घेतला जात असता, त्याचा उतारा घटविणारी जी जस्ताची उणीव बहुधा नजरेआड राहते, तिच्या निवारणार्थ हे निवेदन सविनय सादर करीत आहोत.

उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पोंग्यातील कोवळ्या पानांच्या बुडाकडे, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांस, पांढरट पिवळे रुंद पट्टे उमटतात, शीर व कडा हिरव्या राहतात आणि पेरे आखूड पडून रोप खुजे होते. नत्र कमी पडले अशा समजुतीने शेतकरी युरिया वाढवितो. वस्तुतः नत्राच्या उणिवेचा पिवळेपणा प्रथम खालच्या जुन्या पानांवर, टोकाकडून शिरेच्या वाटेने उतरतो.

जमिनीत जस्त मुळीच नसते असे नव्हे. परंतु जेथे सामू आठाच्या वर गेला आहे अशा चुनखडीयुक्त जमिनीत ते मातीशी जखडून राहते, आणि त्यावर स्फुरदाचा अतिरेक झाला म्हणजे पिकाकडून त्याचे शोषण अधिकच मंदावते. भातावरील खैरा रोग जस्ताच्या उणिवेमुळे होतो, हे पंतनगर येथे यशवंत नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले. इतके जुने ज्ञान आमच्या बांधापर्यंत अद्याप पुरते पोचू नये, याचा आम्हांस मनस्वी खेद होतो.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्ताचा आकडा असतो व तो दशलक्ष भागांत ०.६ च्या खाली गेल्यास उणीव मानतात. तथापि जिरायतीत दहा हेक्टरांस एक नमुना या प्रमाणाने माळ व मळई यांचा हिशेब एकच होतो, आणि काही खातेदारांच्या हाती अहवाल पेरणी उरकल्यावर पडतो. सबब उपरोक्त दुष्काळी तालुक्यांत गटवार नमुने घेऊन अहवाल मृगापूर्वी देण्याची तजवीज व्हावी.

कसबे डिग्रज व बोरगाव येथील कृषी संशोधन केंद्रांच्या सल्ल्याने गावोगाव मक्याची प्रात्यक्षिके घ्यावीत, ज्यांत निम्म्या पट्ट्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यावे, निम्मा तसाच ठेवावा, आणि दोहोंचा उतारा चावडीवर जाहीर करावा.

झिंक सल्फेट म्हणून मॅग्नेशियम सल्फेट गळ्यात बांधले जाण्याची भीती तर कायमचीच आहे. द्रावणात पातळ कॉस्टिक सोडा घातल्यास दोहोंतही पांढरा साका बसतो, मात्र दाट सोडा अधिक घालताच जस्ताचा साका विरघळतो व मॅग्नेशियमचा तसाच राहतो. इतकी सोपी परीक्षा प्रत्येक तालुका कचेरीत विनामूल्य उपलब्ध असावी आणि भेसळ आढळल्यास १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये कारवाई व्हावी.

येत्या खरिपापूर्वी याबाबत लेखी हुकूम होऊन त्याची नक्कल अर्जदारांस मिळावी, ही विनंती.

आपले नम्र,
अर्जदार खातेदार