चौथे वर्ष कशासाठी?

बारावीनंतर तीन वर्षांची पदवी असते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता चार वर्षांची ऑनर्स पदवीही घेता येते. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, तर ऑनर्सला १६०.

“आणखी एक वर्ष कशाला?” असे अम्मी-अब्बा विचारतात. त्यांची काळजी खरी आहे. फी वाढते आणि कमाई लांबते. मात्र ऑनर्सनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षात पूर्ण होऊ शकते. म्हणजे पुढे शिकणाऱ्याचे वर्ष वाया जात नाही. ज्याला लगेच नोकरी हवी, त्याने तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबावे. त्यात कमीपणा नाही.

संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. म्हणजे चौथ्या वर्षाची तयारी पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. म्हणून मला वाटते, प्रवेशअर्ज भरतानाच आपल्या विषयात ऑनर्सची सोय आहे का, हे महाविद्यालयात विचारावे. थांबायचे की पुढे जायचे, ते घरच्यांशी बोलून ठरवावे. पण केवळ माहिती नव्हती म्हणून संधी हातची जाऊ देऊ नये.