मुखत्यारी कामापुरतीच

युनिक्सच्या वंशांतील संगणकांत 'रूट' या वापरकर्त्यास सहसा कसलीच आडकाठी नसते. 'आरएम' ही आज्ञा त्यानें भलत्या ठिकाणीं दिली, तर वर्गबंधूंचें वर्षभराचें कामहि क्षणांत नाहींसें होतें. म्हणून बोळिंजच्या विद्यार्थ्यांनीं सदैव रूट होऊन बसूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. बफेलोच्या विद्यापीठांत १९८० च्या सुमारास रचलेला 'सुडो' यास उत्तम: मुखत्यारी एका आज्ञेपुरती, परवलीचा शब्द बहुधा स्वतःचाच, शिवाय कोणी काय केलें याची नोंद. तो शब्द टंकणें कंटाळवाणें खरें; पण आज्ञा पुन्हां वाचावयास तेवढीच सवड मिळते! कोणाची तरी उसनी आज्ञा न समजतां सुडोस जोडणाऱ्यांस मात्र सुडोहि वांचवूं शकत नाहीं. सुडोचे नियम बदलणें झाल्यास 'विसुडो'नेंच बदलावेत. लिहिण्यांतील चूक तो जतन करण्यापूर्वींच दाखवितो.