वाचल्याविना सही म्हणजे अंगठाच!

शाळा-कॉलेजे उघडण्याच्या सुमारास मोडनिंबच्या फाट्यावर पहाटे जाऊन उभे राहावे. पुण्याच्या गाडीची वाट पाहणारा एखादा बाप, शेजारी त्याचा पोरगा, पायाशी पेटी व वळकटी, असा देखावा हटकून दिसतो. बापाच्या आतल्या खिशात उसाच्या बिलाचे किंवा डाळिंबाच्या पट्टीचे पैसे असतात. हे पैसे दिवस मावळण्याच्या आत कोणाच्या खिशात जातात, याचा हिशेब आम्ही आज मांडणार आहोत.

शेतकरी बंधूंनो, बाजारात बैल घेताना तुम्ही काय करता? दात मोजता, खांदा चाचपता, चालवून पाहता, चार शहाण्यांस विचारता. मग पोटच्या पोरासाठी शहरात खोली घेताना ही अक्कल कोठे गहाण टाकता? दलाल म्हणतो, “लवकर ठरवा, मागे दहा गिऱ्हाइके उभी आहेत,” आणि तुम्ही आत डोकावून न पाहता पैसे मोजता!

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे प्रकरण आमच्याकडे आले. जातीने सुतार, बाप रंधा मारून पोट भरणारा. मुलाने पुण्यात खोली घेतली. अनामत पंधरा हजार, दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. कागद झाला तो नोटरीपुढे. नोंदणी नाही, भाड्याची पावती नाही. खोली सोडताना मालकाने रंग, नळ, साफसफाई अशी कलमे काढून सारी अनामत गिळली. मुलाने कागद आणून आमच्यापुढे टाकला. त्यात लिहिले होते, “अनामतीतून योग्य ती कपात करण्याचा मालकास अधिकार राहील.” आम्ही विचारले, “हे वाचले होतेस काय?” मुलगा खाली पाहू लागला. पदवीधर मुलगा! आम्ही त्याला बाराखडी शिकविली ती याचसाठी काय?

सन 1875 मध्ये सुप्यापासून दंगे उसळले ते सावकाराच्या कागदांवरूनच. कुणब्याला वाचता येत नव्हते. सावकार लिही आणि कुणबी अंगठा उठवी. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात आपला सोलापूर जिल्हाही होता. दस्तऐवज नोंदणाऱ्यापुढे व्हावा आणि दिल्या पैशाची लेखी पावती मिळावी, ही त्याची दोन मोठी कलमे. आजाला वाचता येत नव्हते म्हणून तो फसला. नातवाला वाचता येते तरी तो वाचीत नाही. दोघांत अधिक दोषी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

भाड्याच्या घरांचा महाराष्ट्राचा कायदा 1999 चा. तो 2000 साली अंमलात आला. त्याचे 55 वे कलम सांगते की, करार लेखी असला पाहिजे व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंद नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. “अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही” असे दलाल सांगतात, ती शुद्ध थाप आहे. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भांडण झाले म्हणून पाणी-वीज तोडण्याचा हक्क त्याला नाही.

आता खोलीची पारख. फोनवर चित्रे दाखवून “आधी विसार पाठवा” म्हणेल त्याला एक पैसाही पाठवू नये. खोली दिवसा पाहावी, आणि एकदा रात्रीही त्या गल्लीतून फिरून यावे. नळ उघडून पाहावा. पाणी किती वाजता येते हे मालकाला न विचारता शेजारणीला विचारावे. भिंतीला ओल आहे काय, संडास कितीजणांत आहे, दाराला आतून कडी धड आहे काय, हे पाहावे. वीज वेगळ्या मीटरवर असेल तर युनिटचा दर कागदात लिहून घ्यावा. कॉट बेसिसवर राहणाऱ्याने एका खोलीत कॉट किती पडणार तो आकडाही लिहून घ्यावा. नाहीतर चाराच्या सहा होतात. अनामत किती, कोणत्या दिवशी परत, कशापोटी कापणार, हे स्पष्ट असावे. पैसे बँकेतून द्यावेत. मुलाचे मूळ दाखले कोणाच्याही हाती ठेवू नयेत. आणि या साऱ्याच्या आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरावा. तेथे जागा न मिळाल्यास स्वाधार व पंजाबराव देशमुख निर्वाहभत्ता या योजनांत आपण बसतो काय, याची चौकशी करावी.

आता मुख्य दुखण्याकडे वळू. आमच्या त्या सुताराच्या मुलाला खोली मिळण्यापूर्वी तीन दारांत आडनाव विचारले गेले, आणि आडनावावरून उलगडा होईना तेव्हा “खाता काय?” असे विचारले गेले. हा प्रश्न जुना आहे. 1917 साली अमेरिकेतून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात राहावयास जागा मिळेना. पारशी खानावळीत उतरले तर लोक लाठ्या घेऊन दारात आले. हीच अडचण ओळखून शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात बोर्डिंगांमागून बोर्डिंगे उभी केली, आणि कर्मवीर भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली. शाळा उघडून भागत नाही, पाठ टेकावयास जागाही लागते, हे त्यांनी जाणले होते. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला आहे. तरी प्रश्न विचारणारे विचारतातच.

पण बंधूंनो, बोट शहराकडे दाखविताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात तेही पाहा. आमच्याच भागात हमरस्त्यालगत खोल्या बांधून भाड्याने देणारे आता आमचेच भाऊबंद आहेत. परवा त्यांतील एकाने खोली मागावयास आलेल्या पोराला पहिला प्रश्न केला, “कोणत्या समाजाचा?” त्याचा स्वतःचा मुलगा पुण्यात हाच प्रश्न सोसून आला आहे! आम्ही त्याला तसे तोंडावर सांगितले. तो रागावला. रागावू दे.

पुण्याच्या दारात जो न्याय मागावयाचा, तो आधी मोडनिंबच्या दारात द्यावयास शिका. आणि सही करण्यापूर्वी कागद वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत घेऊन या. दिवेलागणीनंतरही आम्ही वाचून दाखवू, त्याचे भाडे घेणार नाही.