मातृभाषेचा रकाना

मे महिना सरत आला की आमच्या स्टाफरूमला तहसीलदार कचेरीची कळा येते. दारात प्लास्टिकची फाईल घेतलेली मुले, फाईलमध्ये झेरॉक्सचा गठ्ठा आणि मागे घाम पुसत उभे असलेले वडील. मी शिकवतो मराठी, पण या दिवसांत मला विचारतात सीईटीचे. "सर, आमचं पोरगं इकडचं धरतील की तिकडचं?" हा प्रश्न तर ठरलेलाच.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली. वडील शहापूरचे, घरात मराठी. आई बैलहोंगलकडची. मुलगी वडिलांना बाबा म्हणते आणि आईला अव्वा. बारावी सायन्स चांगल्या गुणांनी झालेली, कर्नाटकची सीईटी दिलेली आणि महाराष्ट्राचीही. गाडी अडली होती महाराष्ट्राच्या अर्जावर. तिने माझ्यासमोर कागद ठेवला आणि हळूच विचारले, "सर, इथं मातृभाषा मराठी असल्याचा दाखला मागितलाय. माझी मातृभाषा नेमकी कुठली ओ?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. वीस-बावीस वर्षे मातृभाषेवर भाषणे करणारा माणूस मी!

नियम असा आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात उमेदवारांचे अ, ब, क, ड, ई असे प्रकार करतात. त्यातला 'ई' प्रकार आपल्यासाठी. सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्रातल्या मुलांबरोबर स्पर्धेत धरला जातो. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी ही सोय आहे. वैद्यकीयलाही सीमाभागासाठी थोड्या जागा वेगळ्या काढलेल्या असतात. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचा आपल्या पोरांना रोकडा उपयोग कुठे होत असेल, तर तो या एका ओळीत.

कर्नाटकात हिला कोणीच भाषा विचारली नव्हती. तिथे हिशेब वर्षांचा. पहिली ते बारावी या काळात किमान सात वर्षे राज्यातल्या शाळा-कॉलेजात शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण व्हावे, की झाला उमेदवार कर्नाटकचा. घरी मराठी बोला नाहीतर उर्दू. बीईओंच्या सहीचे स्टडी सर्टिफिकेट हातात असले म्हणजे झाले. खानापूरच्या रानातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलालाही दहावीपर्यंत खेड्यातच शिकला असेल तर ग्रामीणच्या १५ टक्क्यांत हात घालता येतो. कन्नड माध्यमाच्या ५ टक्क्यांत मात्र नाही. ते रास्तही आहे म्हणा.

पण तोच कर्नाटक सीमेपलीकडच्या आपल्या माणसांना भाषा विचारतो. या मुलीची मावशी गडहिंग्लजला दिली आहे. मावसभाऊ हिच्याच वयाचा, शिक्षण सगळे मराठीतून. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटकच्या सीईटीत 'गडिनाडु कन्नडिग' म्हणून शिरता येते. अट एकच, कन्नडची वेगळी परीक्षा द्यायची. ५० गुणांचा पेपर, त्यात किमान १२ हवेत. आता हा गडी आजीशी अस्खलित कन्नड बोलतो, भांडतो तर कन्नडातच. पण लिहायला बसला की 'अ आ इ ई'पासून बोंब. मग एप्रिलभर त्याला अक्षरे गिरवायला लावली कोणी? या मुलीने. बेळगावच्या शाळेत दहावीपर्यंत कन्नड शिकल्यामुळे तिचे अक्षर मोत्यासारखे. म्हणजे महाराष्ट्राच्या कागदावर जिची मातृभाषा मराठी लागणार होती, ती कर्नाटकच्या कागदावर ज्याची मातृभाषा कन्नड होती त्याला कन्नड शिकवत होती! दोघांचे अर्ज खरे आणि दोघे एकाच आजीची नातवंडे. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा आमचे कन्नडचे सर हसता हसता चष्मा पुसायला लागले.

राज्यातला आणि राज्याबाहेरचा हा भेद जुनाच आहे आणि त्याची किंमत पूर्वी उघड रुपयांत लावलेली असे. १९८९ साली कर्नाटक सरकारने खासगी मेडिकल कॉलेजांची वार्षिक फी ठरवून दिली. सरकारी कोट्यातल्या जागेला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्याला २५,००० आणि कर्नाटकाबाहेरच्या भारतीयाला ६०,०००. मेरठच्या मोहिनी जैन यांना तुमकूरजवळच्या कॉलेजात प्रवेश हवा होता, पण एवढे पैसे घरात नव्हते. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९२ साली न्यायालयाने शिक्षण हा हक्क असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात त्या निकालाला मुरड पडली ती वेगळी. त्याआधी १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की घटनेप्रमाणे अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नाही. तरीही वैद्यकीयच्या बहुतेक जागा राज्यातल्यांना ठेवायला हरकत घेतली नाही. म्हणूनच आज सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा देशभरातल्यांना आणि बाकीच्या ८५ राज्याच्या हाती. एमडी-एमएसचे मात्र वेगळे. त्या पातळीवर रहिवासावरून आरक्षण चालणार नाही, असे जानेवारी २०२५ मध्ये चंदीगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले.

मला यात बरोबर-चूक चटकन ठरवता येत नाही. राज्याने पैसा घालून कॉलेजे काढली, तर तिथल्या मुलांना आधी घ्यावे यात गैर काय? पण राज्याची रेघ आमच्यासारखी घराच्या माजघरातून गेली असेल, तर 'तिथली मुले' कोण हे सांगणार कोणी? मी स्वतः एम.ए.ला पलीकडे गेलो तेव्हा खिडकीतल्या बाबूंनी माझ्या मायग्रेशन सर्टिफिकेटकडे बघून "तुम्ही परराज्यातले" म्हणून कागद परत सरकवला होता. वाईट वाटले. तोवर इथे तर आम्ही 'तिकडचे' म्हणूनच ओळखले जात होतो.

चंदगडच्या पालकांना मात्र हात जोडून सांगणे आहे. बेळगाव जवळ म्हणून तुम्ही मुलाला आठवीला इथे आणता. आठवी ते बारावी, बोटे मोजा, पाचच वर्षे होतात. सात भरायची तर सहावीलाच यायला हवे. आणि गडहिंग्लजची गडिनाडुची वाट चंदगडला नाही, ते नाव यादीत नाही. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा अडकला. बारावीला गणित-विज्ञानात पैकीच्या पैकी जवळ, आणि स्टडी सर्टिफिकेट पाचच वर्षांचे. वडील खुर्चीत बसून राहिले, बोलेचनात. सहज म्हणून मी आईचे माहेर विचारले. बेळगाव! आणि नियमात आणखी एक वाट आहे. मुलगा अकरावी-बारावी कर्नाटकात शिकलेला असेल आणि आई किंवा वडील, कोणीतरी एक, सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असतील तरी चालते. आईची शाळा म्हणजे आपली गल्लीतली मराठी शाळा. मुख्याध्यापकांनी कपाट उघडून पस्तीस वर्षांपूर्वीचे जनरल रजिस्टर काढले. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नाव शाबूत. पहिली ते सातवी, मोजून सात वर्षे. सातवीनंतर तिची शाळा बंद केली होती, लग्नापर्यंत घरीच होती. ती माउली सर्टिफिकेट हातात घेऊन म्हणाली, "माझ्या शिकण्याचा काय उपयोग झाला म्हणत होती सासू."

तेव्हा आईच्या शाळेचे कागदही जपून ठेवा. आणि जूनची वाट बघू नका. जूनमध्ये बीईओ कचेरीपुढची रांग रस्त्यावर येते.

तर ती मुलगी. मी तिला म्हटले, घरी विचारून ये. दुसऱ्या दिवशी ती आईलाच घेऊन आली. बाईंना मराठी समजते सगळे, बोलताना लाजतात. मी कन्नडात अडचण सांगितली. त्या क्षणभर मुलीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरीरि सर, मराठी अंत बरीरि." लिहा सर, मराठी म्हणूनच लिहा. मग पदराने तोंड पुसत मराठीत, बहुधा माझ्यासाठीच, "शाळा मराठी, बाबा मराठी. खोटं काय हाय त्यात? माझ्याशी कन्नड बोलती, ते काय फॉर्मात विचारत न्हाईत."

दाखल्यासाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज लागतो, त्यावर पालकाची सही. बाबा कामावर होते. अव्वांनी सही केली, ठसठशीत कन्नडात. ऑफिसातल्या क्लार्कने कागद वर धरला, सही पाहिली, अर्जातला मजकूर पाहिला, पुन्हा सही पाहिली आणि शिक्क्याचे पॅड पुढे ओढले.

मुलीला शेवटी कर्नाटकच्या दुसऱ्या फेरीत हुबळीला जागा मिळाली. मावसभावाला कन्नडात ५० पैकी ३१ पडले, पण सीईटीचा रँक लांबला आणि तो कोल्हापूरला गेला. मराठीचा दाखला तिने परत केलेला नाही, फाईलमध्ये ठेवलाय. धाकटा भाऊ नववीत आहे. तो घरात आईशी मराठी बोलतो आणि बाबांशी कन्नड, मुद्दाम, दोघांना चिडवायला.