टेप कुणाच्या हातात?

मित्रांनो, सुरुवातीलाच एक डिस्क्लेमर. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या तक्रारी कृपया मराठी विभागाच्या संपादकांकडे कराव्यात. "तू बिनधास्त लिही, आम्ही बघतो" असं त्यांनीच म्हटलंय! आणि विषय जॅझचा आहे म्हणून लगेच पान उलटू नका. यात आपल्या फेस्टचाही हिशोब निघणार आहे.

हॉस्टेलवर जॅझबद्दल दोनच मतं आहेत. एक, हे म्हणजे मोठ्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं ते. दोन, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. माझ्या आजीचं तिसरंच मत आहे. एकदा मी सॅक्सोफोनचं रेकॉर्डिंग लावलं होतं. तिनं दहा मिनिटं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अगं, यांची वाद्यं लावून कधी होणार?"

आजीला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. जॅझमध्ये मूळ चाल लहानशी असते, आपल्या बंदिशीसारखी. सगळे मिळून ती एकदा वाजवतात. मग त्याच चालीच्या कॉर्ड्सच्या चौकटीत एकेक जण आपल्या मनाने वाजवत जातो आणि बाकीचे त्याला साथ देतात. शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. मधला भाग कुठेही लिहिलेला नसतो. तो त्या रात्री, त्या माणसांत, समोरच्या श्रोत्यांकडे बघत तयार होतो. उद्या तेच लोक तीच चाल वाजवतील, पण आजचं पुन्हा येणार नाही. "म्हणजे ख्यालासारखंच की," आजी म्हणाली. अगदी तसंच नसलं तरी मुद्दा तिला बरोबर कळला होता.

आता हेच आपल्या भाषेत सांगायचं तर जॅझची मैफल म्हणजे बॅकअप नसलेला डेटा. सिंफनीचा स्कोअर कागदावर असतो, तो शंभर वर्षांनीही वाजवता येतो. जॅझच्या सोलोचं तसं नाही. टेप चालू नसेल तर तो हवेत विरला.

एक उदाहरण बघा. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या छोट्या क्लबमध्ये पियानिस्ट बिल इव्हान्सच्या त्रिकुटाने दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट वाजवले. त्या दिवशी रिव्हरसाइड या छोट्या, स्वतंत्र कंपनीचं रेकॉर्डिंग चालू होतं. आज ते ऐकलं तर ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुजसुद्धा ऐकू येते. त्यानंतर अकराच दिवसांनी त्यांचा बासवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. वय वर्षं २५. त्या रविवारी टेप फिरली नसती तर ते त्रिकूट त्या रात्री कुठवर पोचलं होतं हे त्या खोलीबाहेर कुणालाही कळलं नसतं.

म्हणजे रेकॉर्ड करायला हवं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होईल. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. रेकॉर्ड केलेली टेप कुणाच्या हातात असावी? माझं मत स्पष्ट आहे. ज्यानं वाजवलं त्याच्या!

हे मत काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. खुद्द वाजवणाऱ्यांनीच ते सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. १९५२ मध्ये बासवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमर मॅक्स रोच यांनी मोठ्या कंपन्यांना कंटाळून स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. नाव ठेवलं 'डेब्यू'. पुढच्याच वर्षी, १५ मे १९५३ ला, हे दोघे कॅनडात टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवायला गेले. सोबत चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि बड पॉवेल. क्रिकेटमध्ये सांगायचं तर सचिन, लारा, वॉर्न, मॅग्रा आणि अक्रम एकाच टीममध्ये! तरी हॉल भरला नाही, कारण त्याच रात्री शिकागोत मार्सियानो आणि वॉलकॉट यांची हेवीवेट विजेतेपदाची मॅच होती. आयोजक हौशी मंडळी. तिकिटं इतकी कमी खपली की कलाकारांचे पैसे देताना त्यांच्या नाकी नऊ आले. पण मैफलीची टेप मिंगसकडे होती. त्याने ती घरी नेली, बास नीट ऐकू येत नव्हता म्हणून आपला भाग नंतर पुन्हा वाजवून त्यावर चढवला आणि 'डेब्यू'तर्फे ती रेकॉर्ड बाजारात आणली. जी संध्याकाळ तिकीटखिडकीवर पडली, ती आज जॅझमधल्या सर्वांत नावाजलेल्या मैफलींपैकी एक मानली जाते.

गंमत म्हणजे, त्या रेकॉर्डवर पार्करचं नाव 'चार्ली चॅन' असं छापलं होतं. तो दुसऱ्या कंपनीच्या करारात बांधलेला होता ना! सॅक्सोफोन त्याचा (तोही त्या दिवशी प्लॅस्टिकचा), श्वास त्याचा, आणि नाव मात्र लपवायचं. टेप दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

शिकागोचा सन रा तर याच्याही पुढे गेला. १९५० च्या दशकात त्याने आल्टन एब्रहॅम या मित्राबरोबर 'सॅटर्न' नावाचं लेबल काढलं. आपल्या बँडच्या थोड्याथोड्या प्रती काढायच्या, काही कव्हरं हाताने रंगवायची आणि कार्यक्रमाच्या ठिकाणीच विकायच्या. म्हणजे आपल्याकडे दिवाळी अंकाची टीम स्वतःच अंक खांद्यावर घेऊन विकायला निघते ना, तसंच काहीसं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेत, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि अगदी घरचा आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी या आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्या सुमारास आणि त्यानंतर मुंबईत जॅझ वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसं ठळक होती. आल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ ट्रंपेट वाजवायचा. लोक त्याला 'चिक चॉकलेट' म्हणत, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा फिल्म स्टुडिओत काम. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्याने काम केलं. 'अलबेला' (१९५१) मधल्या गाण्यांचा तो झोकदार पाश्चात्त्य ठेका आपल्या आजी-आजोबांना अजून पाठ आहे. पण ते वाजवणाऱ्या गोवेकरांची नावं किती जणांना माहीत असतात? अँथनी गोन्साल्विस हे खरोखरचे व्हायोलिनवादक होते, प्यारेलाल यांचे गुरू, हे मला पार कॉलेजात आल्यावर कळलं. तोवर ते नाव म्हणजे अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ, एवढंच!

या मंडळींच्या काही ७८ आरपीएमच्या तबकड्या निघाल्या. पण त्यात एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासन्‌तास रंगलेल्या हॉटेलातल्या रात्री टेपवर आल्याच नाहीत. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात हा काळ जुन्या फोटोंतून, कात्रणांतून आणि म्हाताऱ्या वादकांच्या आठवणींतून उभा केलाय. वाचताना मजा येते आणि वाईटही वाटतं. फोटो आहेत, कोट-टाय आहेत, हातात चकचकीत ट्रंपेट आहे. आवाज मात्र फार थोडा उरलाय.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. कंपन्या म्हणजे सगळे व्हिलन नव्हेत. बिल इव्हान्सच्या त्या रविवारी पैसे रिव्हरसाइडने घातले होते, रिस्क तिनेच घेतली होती. चिक चॉकलेटच्या ज्या तबकड्या आहेत त्या कंपनीने काढल्या म्हणूनच आहेत. शिवाय मिंगसची 'डेब्यू' पाचेक वर्षांतच थंडावली, कारण उत्तम बास वाजवणं वेगळं आणि दुकानदाराकडून वसुली करणं वेगळं. तेव्हा स्टुडिओ, प्रेसिंग, वाटप हे सगळं महाग होतं, म्हणून टेप कंपनीकडे जायची. हे कारण मला पटतं. पण आज ते कारण उरलंय का?

आज दोन बरे माइक, एक इंटरफेस आणि एक लॅपटॉप असला की रेकॉर्डिंग होतं. अमेरिकेतली मारिया श्नायडर मोठ्या जॅझ ऑर्केस्ट्रासाठी लिहिते. तिनं २००४ मध्ये 'कॉन्सर्ट इन द गार्डन' हा अल्बम श्रोत्यांकडून आधीच पैसे गोळा करून बनवला आणि दुकानात न ठेवता फक्त इंटरनेटवरून विकला. २००५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. २०२० च्या 'डेटा लॉर्ड्स'चा मार्गही तोच, आणि त्या वेळी तर दोन ग्रॅमी मिळाले. बँडकॅम्पवर कुणीही वादक आपला अल्बम स्वतः किंमत ठरवून विकू शकतो. डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण १५ टक्के घेते, बाकीचे बहुतांश पैसे वादकाला मिळतात.

आणि स्ट्रीमिंग? तिथलं गणित जॅझवाल्यांच्या मुळावरच येतं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक 'स्ट्रीम' मोजला जातो. मग तुकडा दोन मिनिटांचा असो की १८ मिनिटांचा, मोजणी एकच! त्यात २०२४ पासून नियम असा की ज्या ट्रॅकचे आधीच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. चौघांनी जीव ओतून वाजवलेला १८ मिनिटांचा तुकडा ९०० वेळा ऐकला गेला तर पदरात पडणार शून्य. त्यामुळे "मी ऐकते ना त्यांना, सपोर्टच करते" हे वाक्य जरा तपासून घ्यायला हवं. ऐकणं चांगलंच आहे, पण विकत घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता घरचा अहेर. मागच्या फेस्टला एक जॅझ त्रिकूट आलं होतं, आठवतंय? सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम्स. माणसापेक्षा उंच तो डबल बास त्यांनी टेम्पोत गादीवर झोपवून आणला होता. प्रो-नाइटच्या डीजेसाठी स्पॉन्सर धावले, या तिघांना मात्र येण्याजाण्याचा खर्च, मेसचं जेवण आणि सर्टिफिकेट. "एक्स्पोजर मिळेल ना त्यांना," असं कमिटीतला एक सीनियर म्हणाला. अरे बाबा, एक्स्पोजरवर टेम्पोवाला डिझेल भरून देतो का? त्या दिवशी ऑडिटोरियममध्ये साठ-सत्तर जण असतील. सव्वा तास ते वाजवत होते आणि शेवटच्या तुकड्यात ड्रमरने जे काही केलं त्यावर आमच्या विंगमध्ये आठवडाभर चर्चा होती. मिक्सरवरून अख्खी मैफल रेकॉर्डही झाली होती. त्यांनी त्याची कॉपी मागितली तर उत्तर मिळालं, "ती कॉलेजची प्रॉपर्टी आहे." पंधरा दिवसांनी त्यातला तुकडा फेस्टच्या पेजवर झळकला. स्पॉन्सरचा लोगो ठळक, आणि तिघांची नावं? कुठेच नाहीत.

म्हणजे १९५१ आणि आज यात आपण किती प्रगती केली?

बरं, हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून 'परफॉर्मर' म्हणजे कला सादर करणाऱ्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी स्पष्ट झाला. आपलं सादरीकरण रेकॉर्ड करू देणं, ते लोकांपर्यंत पोचवू देणं हा हक्क वादकाचा आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. स्वतःपुरतं ऐकायला रेकॉर्ड केलं तर कायदा आड येत नाही. पण विचारल्याशिवाय ते जाहिरातीसारखं वापरणं म्हणजे स्वतःपुरतं नव्हे. हॉल आपला, वीज आपली, मिक्सर आपला, हे सगळं खरं. पण लॅब कॉलेजची आहे म्हणून तुमच्या प्रोजेक्टवर कुणी दुसऱ्याचं नाव घातलं तर चालेल का? व्हायव्हाच्या आदल्या रात्री विचारून बघा कुणालाही!

तेव्हा येत्या फेस्टसाठी माझ्या तीन मागण्या आहेत. फार खर्चाच्या नाहीत.

पहिली, जो बँड बोलवाल त्याला आकडा ठरवून पैसे द्या. कमी असले तरी चालतील, पण मेसचं जेवण म्हणजे मानधन नव्हे. आपल्या मेसचं तर नाहीच नाही!

दुसरी, रेकॉर्डिंग आपण करून देऊ आणि मूळ फाइल्स वादकांच्या हातात ठेवू. इलेक्ट्रॉनिक्सवाले एवढे आहोत, मिक्सरचं डायरेक्ट आउटपुट आणि हॉलचा आवाज टिपायला समोर दोन माइक, एवढं तर जमेलच. लेव्हल जरा खाली ठेवायची, म्हणजे ड्रम्सचा आवाज फाटत नाही. मोबाइल उंच धरून केलेल्या व्हिडिओत बास ऐकूच येत नाही आणि मागच्याला स्टेज दिसत नाही, तेव्हा ते बंद. आपल्या पेजवर काही टाकायचं असेल तर आधी विचारायचं आणि नावं लिहायची. सगळ्यांची, ड्रमरचंसुद्धा.

तिसरी मागणी तुमच्या-माझ्याकडे. कार्यक्रम आवडला तर बाहेर टेबलावर ठेवलेली सीडी घ्या, किंवा क्यूआर कोडवरून अल्बम विकत घ्या. सीडी कशावर वाजवणार म्हणाल, तर आमच्या रूममध्ये प्लेअर आहे, या. महिन्यातून एकदा दोन पिझ्झा कमी मागवले तर एक अल्बम येतो. सर-मॅडम लोकांनाही हे आमंत्रण आहे, त्यांना पिझ्झासुद्धा कमी करावा लागणार नाही.

कमिटीची पहिली मीटिंग परीक्षेनंतर आहे. मी या तीन मागण्या लेखी देणार आहे. सही करायला कुणाकुणाची तयारी आहे, त्यांनी गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डापाशी कागद लावलाय तिथे नाव लिहावं. बॉइज हॉस्टेलवाल्यांसाठी दुसरी प्रत कँटीनमध्ये आहे. जॅझ आवडलंच पाहिजे अशी अट नाही.