सहा तासांचे औषध, दहा मिनिटांची परीक्षा

औषध म्हटले की ते कारखान्यात तयार होते, वेष्टनावर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते आणि त्याच्या शुद्धतेची हमी कारखानदाराने दिलेली असते, अशी आपली समजूत असते. आधुनिक वैद्यकातील एका औषधाला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. ते रुग्णालयातच, रुग्णाला टोचण्याच्या थोडे आधी तयार करावे लागते, कारण दर सहा तासांनी त्याचे बळ निम्मे होते. सकाळी सहाला तयार केलेल्या औषधाचा किरणोत्सर्ग दुपारी बाराला निम्मा, सायंकाळी सहाला चतुर्थांश आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोळावा हिस्सा उरतो. टेक्नेशियम-99एम या किरणोत्सर्गी मूलद्रव्यापासून बनविलेली ही संयुगे हाडे, मूत्रपिंडे, हृदय आणि थायरॉइड ग्रंथी यांच्या तपासणीसाठी जगभर वापरली जातात. नागपुरातही हाडांचा किंवा मूत्रपिंडांचा 'स्कॅन' करून घेतलेल्या माणसाने बहुधा हेच औषध घेतलेले असते. ते कोणी केले आणि कोणी तपासले, हे विचारण्याचे मात्र सहसा कोणाला सुचत नाही.

या मूलद्रव्याचा इतिहास मनोरंजक आहे. मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीत 43 क्रमांकाचे घर दीर्घकाळ रिकामे होते. 1937 मध्ये इटलीतील पालेर्मो येथे पेरिये आणि सेग्रे या दोघांनी अमेरिकेतील सायक्लोट्रॉनमध्ये भडिमार झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात ते शोधून काढले. मानवाने कृत्रिम रीतीने मिळविलेले हे पहिले मूलद्रव्य. 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याचे नाव पडले. त्याचा 99एम हा प्रकार 140 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण सोडतो. शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्याला दिसण्याइतकी ही ऊर्जा पुरेशी आहे आणि रुग्णाला फार इजा होऊ नये इतकी ती बेताची आहे.

सहा तासांत निम्मे होणारे द्रव्य दूरच्या शहरात पोचवायचे कसे? 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने याचे उत्तर शोधले. टेक्नेशियम पाठवायचेच नाही, त्याचा जनक जो मॉलिब्डेनम-99 तो पाठवायचा. त्याचे अर्धायुष्य 66 तासांचे आहे. शिशाच्या कवचातील ॲल्युमिनाच्या नळीत तो घट्ट धरून ठेवलेला असतो आणि त्याच्यापासून टेक्नेशियम सतत निर्माण होत राहते. नळीतून सलाइन सोडले की टेक्नेशियम विरघळून बाहेर येते, मॉलिब्डेनम आत राहतो. एकदा काढले की साधारण एका दिवसात ते पुन्हा भरून येते. या यंत्राला प्रयोगशाळेतले लोक गाय म्हणतात आणि या कृतीला दूध काढणे. उपमा अचूक आहे, फक्त ही गाय रोज थोडी आटत जाते. ती वाटेत एक दिवस अडकली तर पाचव्या हिश्शाहून अधिक बळ गमावते. आठवड्यानंतर सतरा टक्क्यांच्या आसपासच उरते. मुंबईपासून आठशे किलोमीटरांहून दूर असलेल्या नागपूरला या हिशेबाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

गाईचे दूध मिळाले म्हणजे औषध तयार झाले, असे नव्हे. नळीतून येते ते सोडियम पर्टेक्नेटेट. ते हाडात किंवा मूत्रपिंडात नेमके जावे यासाठी त्याला त्या त्या अवयवाकडे नेणाऱ्या रेणूशी जोडावे लागते. या रेणूची कोरडी भुकटी छोट्या कुपीत मिळते आणि तीत स्टॅनस क्लोराइड, म्हणजे कथिलाचा एक क्षार, असतो. कथिल टेक्नेशियमला क्षपित करून जोडणीस तयार करते. परंतु हे कथिल अत्यंत नाजूक आहे. कुपीत हवेचा बुडबुडा गेला तरी त्यातील ऑक्सिजन ते निकामी करू लागतो. लागोपाठच्या सुट्ट्यांमुळे गाईचे दूध दोन-तीन दिवस काढले नसेल, तर पहिल्या धारेत टेक्नेशियमचा जुना, निरुपयोगी अंश साचलेला असतो आणि तोही कथिल खाऊन टाकतो. दोष असा शेवटच्या पायरीवर, रुग्णालयाच्या खोलीत शिरतो. तो कारखान्याच्या प्रमाणपत्रात दिसत नाही आणि कुपीकडे पाहून डोळ्यालाही दिसत नाही. पाण्यासारखे नितळ द्रव दोन्ही वेळी सारखेच दिसते.

जोडणी फसली तर काय होते? मोकळे राहिलेले पर्टेक्नेटेट थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर यांत साचते. क्षपित होऊनही न जोडला गेलेला कलिलरूप अंश यकृतात जातो. हाडाचे चित्र धूसर येते. कर्करोग हाडांत पसरला आहे की नाही, हा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला संदिग्ध उत्तर मिळते, किरणांचा भार मात्र पूर्ण सोसावा लागतो. गडचिरोली, गोंदिया किंवा यवतमाळहून एक दिवसाची मजुरी बुडवून, सोबत एक नातेवाईक घेऊन आलेल्या रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते. यंत्राची चूक असती तर ती तंत्रज्ञाच्या लगेच लक्षात आली असती. औषधाची चूक अनेकदा रुग्णाच्या आजाराचे रूप घेऊन पडद्यावर येते. धोका आहे तो इथे.

ही चूक पकडण्याची परीक्षा आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. विशिष्ट कागदाच्या दोन पट्ट्यांवर औषधाचा एकेक थेंब ठेवायचा. एक पट्टी ॲसिटोनमध्ये, दुसरी सलाइनमध्ये उभी करायची. ॲसिटोनमध्ये मोकळे पर्टेक्नेटेट वर चढते. सलाइनमध्ये कलिल तळाशीच राहते आणि बाकीचे वर जाते. मग पट्ट्या कापून प्रत्येक तुकड्याचा किरणोत्सर्ग मोजायचा. बहुतेक संयुगांत योग्य रीतीने जोडलेला अंश किमान 90 टक्के असावा लागतो. नळीतून मॉलिब्डेनम निसटला नाही ना, हे पाहण्यासाठी कुपी शिशाच्या आवरणात ठेवून मोजतात: टेक्नेशियमचे किरण शिसे अडवते, मॉलिब्डेनमचे तीव्र किरण आरपार येतात. एका मिलिक्युरी टेक्नेशियममागे 0.15 मायक्रोक्युरी ही मान्य मर्यादा आहे. पट्ट्यांच्या परीक्षेस दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी शाईतले रंग वेगळे करण्याचा जो प्रयोग करतात, त्याचेच हे भावंड आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत सही मिळवून विसरला जाणारा तो प्रयोग येथे एका माणसाचे निदान सांभाळतो, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे.

कोणी म्हणेल, तयार कुप्या विश्वासार्ह असतात, दोष क्वचितच निघतो. गर्दीच्या रुग्णालयात ही सोवळ्याची उठाठेव कशाला? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मुंबईत परळला 1963 मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांतील समस्थानिके रुग्णांपर्यंत पोचू लागली. आपल्या अणुभट्टीत साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून मिळणारे द्रव्य परदेशी विखंडनजन्य मालाइतके तीव्र नसे. म्हणून मिथिल एथिल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम वेगळे काढण्याची रीत आपल्या रुग्णालयांत दीर्घकाळ चालली. द्रावक ढवळायचा, वेगळा करायचा, उडवून लावायचा आणि उरलेले सलाइनमध्ये घ्यायचे. या रीतीत हाताचे कौशल्य आणि प्रत्येक वेळची तपासणी अटळच होती. तयार नळ्यांनी ती मेहनत वाचविली हे उत्तमच. पण मेहनतीबरोबर तपासणीची सवयही वाचवून टाकणे ही काटकसर नव्हे. 1989 मध्ये स्थापन झालेले विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ नवी मुंबईतून पुरवठा करते आणि भारतीय औषधकोशाच्या 2014 च्या आवृत्तीत या औषधांना स्वतंत्र स्थान मिळाले. नियम आहेत, प्रश्न आहे तो शेवटच्या खोलीतल्या माणसाचा.

पुरवठ्याची चिंताही खोटी नाही. कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी मे 2009 मध्ये बंद पडली आणि ती पंधरा महिने सुरू होऊ शकली नाही, तेव्हा श्रीमंत देशांतील रुग्णालयांनाही तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी 2010 च्या अखेरीस कायमची थांबली. 2018 मध्ये अप्सरा नव्या रूपात सुरू झाली. वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीत संशोधन-अणुभट्टी उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने मे 2020 मध्ये केली. अशा योजनांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अणुभट्टीवर कोट्यवधी रुपये खर्च करून मिळविलेले द्रव्य अखेरच्या दहा मिनिटांत वाया जाणार असेल, तर तो खर्च कोणासाठी?

म्हणून विदर्भापुरत्या तीन मागण्या आम्ही मांडतो. पहिली, जेथे गॅमा कॅमेरा आहे वा पुढे बसेल, तेथे प्रत्येक कुपीच्या परीक्षेची लेखी नोंद रुग्णाला औषध टोचण्यापूर्वी व्हावी. दुसरी, सरकारी रुग्णालयांत कॅमेऱ्याबरोबरच या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे पदही मंजूर व्हावे. पद रिक्त ठेवून यंत्राचे उद्घाटन करण्याची प्रथा थांबावी. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि येथील विज्ञान संस्था यांनी अणुऊर्जा विभागाच्या साहाय्याने असा अभ्यासक्रम चालविण्याचा विचार करावा. तिसरी, नागपुरातील रुग्णालयांनी मिळून एक सामायिक औषधशाळा उभारता येईल का, हे तपासावे. एक मोठी गाय, एक कसलेला चमू आणि एक नोंदवही असली, तर तासाभरात शहरभर तपासलेले औषध पोचू शकते. तीन तासांवरच्या चंद्रपूरलाही वाटेत सुमारे तीस टक्केच गमवावे लागतील आणि तेवढे आधी वाढवून देता येते.

ज्याला आपले औषध तपासता येत नाही, अशा रुग्णाच्या वतीने ते तपासणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे कागदाच्या दोन पट्ट्या, मोजणीचे यंत्र आणि दहा-पंधरा मिनिटांचा वेळ. ज्या औषधाचे निम्मे बळ सहा तास टिकते, त्याच्या कारभारात एवढा वेळ नाही, असे कोणीही म्हणू नये.